वीणा आणि भिंत

धर्मश्रद्धा दिलासा देते, म्हणून ती मोलाची मानावी का, या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत: श्रद्धेचे म्हणणे खरे आहे का, आणि तिचा आधार होतो का; यांपैकी दुसऱ्याचे उत्तर 'होय' आले, तरी पहिला प्रश्न तसाच उरतो.

मराठवाड्यात या प्रश्नाची कसोटी ३० सप्टेंबर १९९३ रोजी लागली. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूर परिसरात भूकंप झाला व सुमारे दहा हजार माणसे दगावली. भक्तांवरच असा घाला का, हा प्रश्न जुनाच होता. १७५५ मध्ये ऐन सणाच्या दिवशी लिस्बन शहर कोसळले, तेव्हा व्होल्तेअरने ईश्वरी योजनेच्या युक्तिवादावर कठोर टीका केली. १९३४ च्या बिहार भूकंपाला महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा अस्पृश्यतेला स्वतःही विरोध करणाऱ्या रवींद्रनाथ ठाकुरांनी भौतिक घटनेची कारणे भौतिकच असतात, अशी जाहीर हरकत घेतली.

किल्लारीतल्या एवढ्या मृत्यूंचे कारण बऱ्याच अंशी भिंतीत होते. जाड भिंतीचे आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन थर, मध्ये गोटे व मातीचा भराव, दोन्ही थरांना सांधणारे आरपार दगड क्वचितच, आणि वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद, अशी ही रचना उन्हाळ्यात गारवा देई. धक्क्यासरशी मात्र थर विलग झाले आणि माळवद निजलेल्यांवर आले.

दिलासाही दोन प्रकारचा असतो. एक कारण सांगणारा: 'नशिबात होते', 'मागल्या जन्मीचे भोग'. तो दुःखिताला क्षणभर शांत करतो, परंतु हेच वाक्य तरुण विधवेला ऐकवले की तिच्या दुःखावर दोषाचा भार चढतो, आणि भिंतीची चौकशीही तिथेच थांबते. दुसरा दिलासा सोबतीचा. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात, म्हणजे सात दिवस-रात्र चालणाऱ्या नामस्मरणात, वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याची वेळ संपली की वीणेकरी ती आपल्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, त्यामुळे रात्री दोन वाजताही कोणीतरी जागे असते. ज्याच्या घरात रडायलाही माणूस उरलेला नाही, त्याच्या दृष्टीने हे जागे असणे फार मोठे आहे, आणि त्याला भाबडेपणा म्हणून हिणवणे निर्दयपणाचे ठरेल. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यातील लंगर, म्हणजे सर्वांसाठीची पंगत, याच जातीची आहे. तिथे पानावर बसणाऱ्याला धर्म विचारला जात नाही.

म्हणून सोबत देणारी श्रद्धा निःसंशय मोलाची आहे. कारणाची जागा बळकावणारी श्रद्धा मात्र, कितीही दिलासा देत असली, तरी पुढच्या पिढीच्या जिवावर उठते. भूकंपानंतर जुनी घरे मजबूत करण्याची जी पद्धत सांगितली गेली, तीत भिंतींमध्ये आरपार दगड बसवणे आणि माळवदावरची माती कमी करणे ही प्रमुख कामे होती. असे काम न झालेली दगड-मातीची घरे मराठवाड्यात आजही वस्तीला आहेत.