हायब्रिडची झाली आरामखुर्ची!



गेल्या उन्हाळ्यात पिनरच्या हाय स्ट्रीटवरून, आरामखुर्चीत बसल्यासारखं पाय पुढे ताणून पेडल मारत जाणारं एक ध्यान तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. ते ध्यान आमच्याच घरचं! "हे मिळतं कुठे?" असं बऱ्याच जणांनी विचारलं. "पण हे कशासाठी?" असं दोघा-तिघांनी विचारलं. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, म्हणून आधी त्याचं उत्तर.

आम्ही दोघंही संगणकवाले. सोमवार ते शुक्रवार कीबोर्ड आणि शनिवारी हायब्रिड सायकलवर चाळीस-पन्नास मैल, असा आमचा नेम. दोन वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाची (ज्याने हे टंकलंय त्याची) उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. आधी सायकलवरून उतरल्यावर तासभर, मग रात्रभर, आणि शेवटी सोमवारी सकाळी शर्टाची बटणं लावताना. नेहमीच्या सायकलवर पुढे वाकून बसलं की धडाचा बराच भार तळहातांवर येतो आणि मनगटाशी करंगळीकडे जाणारी अल्नर नस त्याखाली दबते. जाड हातमोजे, उंच हँडल, सगळं करून झालं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हातावरचा भार काढा नाहीतर सायकल सोडा. ज्याचं पोट बोटांवर चालतं त्याने यावर वाद काय घालायचा?

भार काढायचा म्हणजे बसायची पद्धतच बदलायची. रिकम्बंट सायकलवर पाठ टेकलेली असते, पाय पुढे असतात आणि हात हँडलवर नुसते ठेवलेले असतात. ही काही आजची टूम नव्हे. फ्रान्समध्ये शार्ल मोशे यांनी अशी सायकल बनवली आणि १९३३ च्या जुलैत फ्रान्सिस फोर नावाच्या, फारशा नावाजलेल्या नसलेल्या, सायकलपटूने तिच्यावर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. त्याआधीचा ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून टिकून होता. यावर आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने काय करावं? १९३४ मध्ये शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी केली की ही सायकल तिच्यात बसू नये. तेव्हापासून ती हौशी लोकांच्या गॅरेजात राहिली.

प्रवासासाठी चांगली नवी रिकम्बंट घ्यायची तर बरेच पैसे लागतात. आमच्याकडे ॲल्युमिनियमची जुनी हायब्रिड होती आणि सांगलीच्या वालचंद कॉलेजची पदवी होती. वर्कशॉपमध्ये लोखंडाचे चौकोन कानशीने घासून हाताला फोड आणले होते, ते काय उगाच?

पहिला प्रयत्न आमच्या आगाऊपणाचा. पुढच्या चाकाच्या वरून एक नळी पुढे काढायची, तिच्या टोकाला पेडल बसवायचं आणि लांब चेन मागच्या चाकापर्यंत न्यायची, असा बेत केला. नळी सायकलच्या मानेला वेल्ड करून घेतली. तीन आठवडे झकास चालली. मग एका रविवारी सौ. फडक्याने सायकल पुसत असताना म्हणाली, "अहो, हा केस चिकटलाय तो निघत का नाहीये?" तो केस नव्हता. वेल्डच्या कडेला बारीक तडा गेला होता. पुढच्या शनिवारी आम्ही सामान बांधून लांब निघणार होतो.

चूक वेल्डरची नाही, आमची. सायकलसाठी सर्रास वापरलं जाणारं ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम भट्टीतल्या प्रक्रियेने मजबूत केलेलं असतं. वेल्डिंगची आच लागली की जोडाच्या आजूबाजूची ती मजबुती जवळजवळ निम्म्यावर येते. कारखान्यात वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम पुन्हा तापवून ती परत आणतात. गल्लीतल्या वर्कशॉपकडे तशी भट्टी नसते. शिवाय ॲल्युमिनियम थोड्या-थोड्या धक्क्यांनीही थकत जातं आणि वाकून आधी इशारा देईलच असं नाही. तेव्हा कुणी हे करणार असाल तर एवढं ऐका, ॲल्युमिनियमच्या फ्रेमला आच लावू नका. पोलादी फ्रेम असेल तर चांगल्या कारागिराकडून ब्रेझिंग करता येतं.

दुसऱ्या वेळी फ्रेमला हातच लावला नाही. मागचं चाक ओढण्याऐवजी पुढचंच चाक ओढेल अशी रचना केली. अशा बदलासाठी लागणारा संच पूर्वी क्रूझबाइक कंपनी विकत असे. आता तो नवा मिळत नाही, आम्हाला वापरलेला मिळाला. त्यात मुख्य वस्तू म्हणजे रुंद चिमटा. हायब्रिडच्या पुढच्या चाकाचा हब साधारण १०० मि.मी. रुंद असतो आणि गियरवाल्या मागच्या चाकाचा १३५, त्यामुळे मूळ चिमट्यात गियरचं चाक मावतच नाही. चिमट्याच्या तळापासून एक दांडी वर पुढे पेडलपर्यंत जाते, दुसरी पेडलपासून हँडलपर्यंत येते. असा त्रिकोण झाला की पेडल, हँडल आणि चाक हे सगळं एकत्र वळतं. चेन नेहमीच्याच लांबीची लागते. मागे गियर काढलेलं चाक नुसतं फिरत राहतं. मूळ कॅरियर जिथल्या तिथे, म्हणून पिशव्याही तशाच लागतात. बैठक प्लायवूडची, वर फोम, पाठीला जुन्या सीटच्या दांड्याचा आधार.

ब्रेक मात्र आधी तपासा. इथल्या नियमांप्रमाणे दोन स्वतंत्र ब्रेक लागतात, एक पुढच्या आणि एक मागच्या चाकाला.

आता खरी गंमत. सायकल तयार झाली, पण चालवता येईना! पेडल हँडलला जोडलेलं असल्यामुळे उजवा पाय दाबला की चाक एका बाजूला ओढलं जातं, डावा दाबला की दुसऱ्या. प्रत्येक दाबाला हातांनी नकळत उलट जोर द्यायचा असतो, आणि 'नकळत' व्हायला वेळ लागतो. वयाच्या पस्तिशीत, रविवारी सकाळी रिकाम्या कार पार्कमध्ये सौ. मागून धरून धावतेय आणि आमची मुलगी "बाबा, पुढे बघा!" म्हणून ओरडतेय, हे दृश्य तीन रविवार चाललं. चौथ्या रविवारी सौ.ने सोडलेलं आम्हाला कळलंच नाही.

पहिली मोठी परीक्षा रिकमन्सवर्थची. नॉर्थवूडवरून जाताना बॅचवर्थ हीथचा उतार मजेत गेला. पुढे रिकमन्सवर्थ ते वॉटफर्ड हा एबरी वे. १८६२ मध्ये लॉर्ड एबरींनी सुरू केलेल्या रेल्वेचा हा मार्ग, त्यामुळे अगदी सपाट. तिथे ही सायकल म्हणजे राजेशाही थाट. मान वर, समोर आभाळ आणि झाडं. पण येताना तोच बॅचवर्थचा उतार चढ झाला. साध्या सायकलवर आपण उभं राहून वजन टाकतो, इथे ती सोयच नाही. वर भार मागे सरकल्यामुळे ओल्या रस्त्यावर पुढचं चाक जागच्या जागी गरगरतं. त्या दिवशी उतरून ढकलली.

त्यावर उपाय गियरचा. आमचं सर्वांत लहान गियर पुढे २८ दाते आणि मागे ३२ असं होतं. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.९ मीटर पुढे. आता पुढे २२ आणि मागे ३४ दाते लावलेत, एका फेऱ्यात १.४ मीटर. चालणारी माणसं ओलांडून जातात, पण चढ चढतो. पाऊस असेल तर लांबचा रस्ता धरतो.

सामान बांधून राहून गेलेला तो प्रवास या सप्टेंबरात झाला. चिल्टर्नच्या टेकड्यांत तीन दिवस, रोज तीस मैलांच्या आत. सौ. तिच्या नेहमीच्या सायकलवर होती आणि प्रत्येक चढावर वर पोचून थर्मासमधला चहा ओतून ठेवत होती. सोमवारी शर्टाची बटणं लावताना दोन्ही बोटं जाग्यावर होती.

तडा गेलेली फ्रेम अजून गॅरेजमध्ये आहे. कुणी असला उद्योग करणार असाल तर आधी येऊन ती बघून जा, नवी सायकलही चालवून बघा. कार पार्क आम्ही दाखवू, मागून धावायला माणूस मात्र तुमचा तुम्ही आणा.