बाटलीत माल्ट किती, किमतीत कर किती

जपानमधल्या दुकानात बिअरच्या कपाटासमोर उभं राहिलं, की सोनेरी रंगाचे, साडेतीनशे मिलिलिटरचे सारखेच दिसणारे कॅन शेजारीशेजारी मांडलेले असतात. कंपनीही बऱ्याचदा एकच. किमती मात्र निरनिराळ्या. ऑक्टोबर २०२० पर्यंत हा फरक फारच मोठा होता. बिअरच्या एका कॅनवर ७७ येन कर, 'हाप्पोशू' नावाच्या पेयावर सुमारे ४७ येन आणि लोक जिला 'तिसरी बिअर' म्हणतात तिच्यावर फक्त २८ येन. कर ठरायचा तो मुख्यतः आत माल्ट किती आहे यावरून. किंमत आणि घटक यांचं नातं एरवी शोधत बसावं लागतं. इथे सरकारनेच ते कायद्याने बांधून दिलं होतं.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. आपल्याकडे बाळासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तीच ही रीत. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात, गरम पाण्यात ती स्टार्चची साखर करतात आणि त्या साखरेतून यीस्ट अल्कोहोल बनवतं. आता नुसती साखरच हवी असेल, तर मका, तांदूळ किंवा तयार पाक वापरूनही काम भागतं, आणि स्वस्तात भागतं. पण माल्टमधून साखरेखेरीज बरंच काही येतं. भट्टीत वाळवताना त्याला ब्रेडच्या कडेसारखा खमंग वास लागतो. त्यातली प्रथिनं हॉप्स या फुलांच्या कडू द्रव्यांशी जोडली जातात, म्हणून फेस टिकतो आणि घोट भरीव लागतो. तिसरी गोष्ट पिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही: यीस्टला वाढायला अमिनो आम्लं लागतात आणि ती माल्टमधूनच मिळतात. ती कमी पडली की किण्वन रेंगाळतं, यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडू लागतं आणि बिअरला सडक्या अंड्याचा वास मारतो.

जुन्या जपानी कायद्यानुसार घटकांत ६७ टक्के माल्ट असेल तरच ती बिअर. १९९४ मध्ये सनटोरी कंपनीने ६५ टक्के माल्टचं हाप्पोशू बाजारात आणलं. दोन टक्क्यांनी नाव गेलं, पण कर वाचला. सरकारने १९९६ मध्ये ५० टक्क्यांवर माल्ट असलेल्या पेयांचा कर वाढवला. कंपन्या २५ टक्क्यांच्या खाली उतरल्या. २००३ मध्ये त्या पेयांवरही कर वाढला, तेव्हा सापोरो कंपनीने माल्ट पूर्णपणे काढून टाकलं. हीच ती 'तिसरी बिअर'. मग यीस्टने खायचं काय? वाटाण्याची प्रथिनं! २००५ मध्ये किरिन कंपनीने त्याच कामाला सोयाबीन लावलं. शेराला सव्वाशेर म्हणतात ते हेच. जगात इतरत्र चव सुधारण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ राबतात, इथे ते करनियमांच्या फटीत बिअर बसवण्यासाठी राबले, आणि त्यांची हुशारी मला थोडी वाया गेल्यासारखी वाटते.

या पेयांची चव हलकी, कोरडी, घोट गिळताच संपणारी. माल्टचा खमंगपणा वाटाण्यातून येणार कुठून? तरीही ती धडाक्यात खपली. घटकांनी चव बदलली यात वादच नाही. पण किमतीतल्या फरकापैकी किती चवीतला आणि किती करातला, हे कॅनवर लिहिलेलं नसतं. पुढे सरकारने हे दर टप्प्याटप्प्याने जवळ आणायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२६ पासून तिन्ही प्रकारांवर ५४.२५ येन असा एकच कर कायद्याने ठरवलेला आहे.

मालाचा आणि भावाचा मेळ सरकारने घालायचा, ही कल्पना तशी जुनी आहे. १५१६ मध्ये बव्हेरियात निघालेला शुद्धतेचा हुकूम बिअरवाले अजून अभिमानाने सांगतात: फक्त सातू, हॉप्स आणि पाणी. यीस्टचा त्यात उल्लेख नाही. आणि त्याच हुकमाचा बराचसा भाग भावाबद्दल आहे, ही गोष्ट जाहिरातीत येत नाही. हिवाळ्यात एका मापाला एक फेनिंग, उन्हाळ्यात फार तर दोन.

आता उलट बाजू. घटक तेच ठेवले आणि फक्त किंमत बदलली तर? अमेरिकेत १९६८ मध्ये मॅककॉनेल या संशोधकाने हेच केलं. एकच बिअर तीन वेगवेगळ्या नावांनी, तीन किमतींना लोकांना दिली. सर्वांत महाग ती लोकांना सर्वांत चांगल्या दर्जाची वाटली. त्याच्या चार वर्षं आधी ॲलिसन आणि उल यांनी तीनशेहून अधिक लोकांच्या घरी बिनलेबलच्या बाटल्या पोहोचवल्या होत्या. स्वतःचा आवडता ब्रँड त्यांना त्यात ओळखता आला नाही. लेबल लावताच मात्र तो पुन्हा सरस ठरला.

२०१४ च्या एका अभ्यासात तीन युरोपीय लागर बिअर घेतल्या होत्या. तीन पेल्यांपैकी दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, वेगळी ओळखा. लोकांचे अंदाज निव्वळ नशिबाने बरोबर येणाऱ्या अंदाजांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत. यावरून 'सगळी बिअर सारखीच' असा निष्कर्ष काढणं मात्र चूक. काळीकुट्ट स्टाउट आणि गव्हाची बिअर कोणीही ओळखेल. कठीण असतं ते एकाच जातीच्या दोन बिअर वेगळ्या काढणं, आणि किमतीची खरी चढाओढ नेमकी तिथेच चालते.

मला सर्वांत बोलका वाटतो तो २००६ मध्ये छापून आलेला प्रयोग. बॉस्टन परिसरातल्या पबमध्ये संशोधकांनी बिअरमध्ये बाल्सामिक व्हिनेगरचे काही थेंब घातले. काही न सांगता दिली, तेव्हा बहुतेकांना साध्या बिअरपेक्षा हीच आवडली. आधीच व्हिनेगरचं सांगितलं, तर तोंडं वाकडी झाली. पिऊन झाल्यावर सांगितलं, तेव्हा आवड फारशी कमी झाली नाही. म्हणजे माहिती आधी मिळाली तर चव प्रत्यक्षातच वेगळी लागते. मागाहून मिळाली तर लागलेली चव बदलत नाही. किंमत आपल्याला नेहमी आधीच कळते.

मग चवीत खरोखर फरक पाडतं काय? बाटलीवर पडणारा उजेड, हे एक उत्तर. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडाने तुटतात आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं, ज्याच्या वासाने प्यायची इच्छाच जाते. एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश एवढंसं असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच अडवत नाही. दुसरं उत्तर उष्णता: जुनी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते आणि उन्हाळ्यात हे फार लवकर होतं. जहाजातून आठवडेच्या आठवडे प्रवास करून आलेली, मे महिन्यात नागपूरच्या गोदामात पडून राहिलेली आणि मग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मांडलेली हिरवी बाटली आयातशुल्कामुळे महाग असते, पण तिची चव गावाजवळ भरलेल्या ताज्या तपकिरी बाटलीपेक्षा वाईट असू शकते.

बर्फगार केली की यातलं बरंच झाकलं जातं. थंडीत सुगंधी द्रव्यं कमी उडतात आणि जिभेवरचे चवग्राहकही मंदावतात. पुठ्ठ्याचा वास दबतो तसा हॉप्सचा सुवासही दबतो. महागडी बाटली फ्रीजरमधून थेट पेल्यात ओतली, तर ज्या वासासाठी जादा पैसे मोजले तो नाकापर्यंत पोहोचतच नाही. पाच-दहा मिनिटं ती तशीच टेबलावर ठेवली तर पोहोचतो.