कपाटातील यंत्र वर्गात आणताना

शाळाभेटीच्या निमित्ताने वर्गावर्गांतून हिंडताना दोन दृश्ये वारंवार नजरेस पडतात. एका शाळेत लोकवर्गणीतून आणलेला दूरदर्शन संच खोक्यासह कपाटात ठेवलेला असतो. उद्घाटनाच्या दिवशी त्याला लावलेले हळदीकुंकूही पुसले गेलेले नसते. दुसऱ्या शाळेत तसाच संच परिपाठानंतर जो सुरू होतो तो मधल्या सुट्टीपर्यंत चालूच राहतो, आणि गुरुजी टेबलाशी बसून कोणता तरी तक्ता भरीत असतात. (ह्यात सर्वस्वी त्यांचाच दोष असतो असे नाही, तक्ते मागविणाऱ्यांत आम्हीही आहोत.) पहिल्या शाळेला आपण मागे पडलेली म्हणतो व दुसरीला डिजिटल म्हणतो. वस्तुतः दोन्ही ठिकाणी उणीव एकच असते. हे यंत्र पाठाच्या नेमक्या कोणत्या क्षणी व कशासाठी लागणार आहे, हे कोणी ठरविलेलेच नसते.

यंत्र कपाटात का राहते ह्याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. १९८७ साली सुरू झालेल्या खडू-फळा योजनेत अनेक शाळांना शैक्षणिक साहित्याच्या पेट्या मिळाल्या. मी नोकरीस लागलो तेव्हा माझ्या शाळेतही तशी पेटी होती व तिच्यात एक सुरेख भिंग होते. ते भिंग मी दोन वर्षे कागदात गुंडाळून ठेवले. मुलांनी फोडले तर जडवस्तू संग्रह नोंदवहीत काय लिहावयाचे, ही चिंता! त्या दोन वर्षांत माझ्या वर्गातून गेलेल्या मुलांनी मुंगीचे पाय कधी मोठे करून पाहिले नाहीत. भिंग मात्र सुखरूप राहिले. आज तीच चिंता अधिक महाग वस्तूंच्या बाबतीत आपल्या मुख्याध्यापकांना भेडसावते. म्हणून मी एवढेच नमूद करतो की, शाळाभेटीत संचाची चकाकी मी पाहत नाही. तो मागील आठवड्यात कोणत्या पाठासाठी लावला होता, हे पाठ टाचणात लिहिलेले आहे काय, ते पाहतो.

आता वापराकडे वळू. मागे एका चौथीच्या वर्गात जलचक्राचा पाठ चालू होता. चित्रफीत सुंदर होती. समुद्र, ढग, डोंगर, पाऊस, सारे काही हालत होते. ती संपल्यावर मुलांनी 'बाष्पीभवन', 'सांद्रीभवन' हे शब्द एका सुरात म्हणून दाखविले. मी पाटीवर ओले बोट फिरविले व थोड्या वेळाने ओल नाहीशी झाल्यावर विचारले, "पाणी कोठे गेले?" सारा वर्ग स्तब्ध झाला. शेवटी मागच्या रांगेतील एक मुलगी म्हणाली, "उन्हानं पिलं." शिक्षकांनी तिला खाली बसविले, कारण तिने 'बाष्पीभवन' म्हटले नव्हते. माझ्या दृष्टीने त्या दिवशी वर्गात विचार केलेला होता तो तेवढ्या एकाच मुलीने. इतरांनी शब्द घेतला होता आणि प्रश्न सोडून दिला होता.

ह्यावर उपाय चित्रफीत टाळणे हा नव्हे. तिची जागा बदलणे हा आहे. प्रथम दोन पाट्या सारख्याच ओल्या कराव्यात. एक उन्हात व एक सावलीत ठेवावी. कोणती आधी वाळेल ह्याविषयी मुलांची मते फळ्यावर लिहून घ्यावीत. पाट्या वाळल्या व वाद रंगला की मग तीन-चार मिनिटांची चित्रफीत लावावी, कारण पाणी वाफ होऊन वर जाते व थंड होऊन ढग बनते, हे पुढचे टप्पे डोळ्यांना एरवी दिसत नाहीत. तेथे यंत्राचे खरे काम आहे. आणि मध्येच, ढग जमू लागताच, चित्र थांबवावे व विचारावे, "आता पुढे काय होईल?" चित्र थांबविण्याचे बटण हे त्या संपूर्ण संचातील सर्वांत शैक्षणिक बटण आहे, आणि दुर्दैवाने तेच सर्वांत कमी दाबले जाते.

जी वस्तू प्रत्यक्ष दाखविता येते ती पडद्यावर दाखवू नये. गावात विहीर, बैलगाडी, कुंभाराचे चाक, ज्वारीचे कणीस असताना त्यांची चित्रफीत लावणे म्हणजे दारात नदी असताना घागरभर पाणी विकत आणण्यासारखे आहे. मराठवाड्यातील मुलाला समुद्राची भरती, कोकणातील मुलाला वाळवंट, आणि सर्वांनाच हृदयाचे स्पंदन किंवा ग्रहणाच्या वेळी पडणारी सावली, हे विषय पडद्याचे होत.

पूर्वतयारीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक फजिती तेथेच होते. वर्गात उभे राहून चित्रफीत शोधू नये. संपर्कजाळे मंद असते, चक्र फिरत राहते, चाळीस मुले त्या चक्राकडे पाहत राहतात आणि पाठाचा जीव जातो. शिवाय मध्येच जाहिरात उद्भवते. ती कशाची असेल ह्याचा नेम नसतो. ह्याकरिता आदल्या दिवशीच, जेथे संपर्क बरा मिळतो तेथे, आवश्यक ते साहित्य मोबाइलमध्ये उतरवून घ्यावे. २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' ह्या शासकीय व्यासपीठावरील पुष्कळसे साहित्य असे उतरवून नंतर संपर्काविना पाहता येते, आणि बालभारतीच्या पुस्तकांत छापलेला क्यूआर कोड मोबाइलने टिपला असता त्या पाठाचे साहित्य थेट सापडते. पाठ्यपुस्तकाला असा कोड जोडण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले ह्यांनी आरंभीच्या काळात केला व २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहेच.

उतरविलेली फीत एकदा पूर्ण पाहावी. तिची मराठी आपल्या मुलांना समजेल अशी आहे काय, कोणत्या क्षणी थांबावयाचे आहे, कोणता भाग गाळावयाचा आहे, हे टाचणात मांडावे. निवेदकाची भाषा फारच पुस्तकी वाटली तर आवाज बंद करून स्वतःच निवेदन करावे. ते पुष्कळदा अधिक सरस होते. वर्गात मोबाइल 'फ्लाइट मोड'वर ठेवावा, म्हणजे ऐन पाठात कोणाचा दूरध्वनी वा संदेश पडद्यावर झळकणार नाही. ब्लूटूथ लागत असल्यास तेवढे पुन्हा चालू करता येते. आणि वीज गेलीच तर काय शिकवावयाचे, हेही टाचणात एका ओळीत असावे.

संच कोठे ठेवावा? खिडकीसमोर ठेवल्यास पडद्यावर आभाळाचे प्रतिबिंब पडते. खिडकीच्याच भिंतीला लावल्यास मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो. उजेड बाजूने येईल अशी भिंत निवडावी. त्यानंतर स्वतः शेवटच्या रांगेत, मुलाच्या उंचीइतके खाली बसून पडद्यावरील अक्षरे वाचून पाहावीत. ती वाचता येत नसतील तर मागील मुलांपुरता तो पाठ झालाच नाही असे समजावे. केवळ मोबाइलच उपलब्ध असेल तर सर्व वर्गाला एकदम दाखविण्याचा हट्ट धरू नये. पाच-सहा मुलांचा गट जवळ घ्यावा व इतरांस लेखनकार्य द्यावे. आवाज मोठा करण्यासाठी मोबाइल रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवण्याची युक्ती अनेक जण करतात. गाण्यासाठी ती चालते. गोष्टीसाठी नव्हे, कारण शब्द घुमतात.

द्विशिक्षकी शाळेत जोडवर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांना मला विशेष सुचवावयाचे आहे ते ध्वनिमुद्रणाविषयी. पडद्याचा एवढा गाजावाजा होतो की मोबाइलमधील हे साधे साधन कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिलीच्या मुलांजवळ बसावयाचे असते तेव्हा चौथीचे काय करावे, हा आपला नित्याचा प्रश्न. चौथीचे श्रुतलेखन आदल्या दिवशी आपल्याच आवाजात मुद्रित करून ठेवावे. प्रथम संपूर्ण वाक्य एकदा वाचावे. मग ते तीन-तीन, चार-चार शब्दांच्या तुकड्यांनी सांगावे आणि प्रत्येक तुकड्यानंतर मनात दहा अंक मोजण्याइतके थांबावे. शेवटी पुन्हा पूर्ण वाक्य वाचावे. अशी सहा वाक्ये दहा-बारा मिनिटे पुरतात. वर्गातील एखाद्या मुलीकडे सूत्रे द्यावीत व मागे पडलेल्यांसाठी थांबविण्याची मुभा तिला असावी. यंत्रातून आपल्याच गुरुजींचा किंवा बाईंचा आवाज येतो ह्याचे मुलांना मोठे कौतुक वाटते, आणि तेवढा वेळ आपण पहिलीच्या मुलांना निवांतपणे देऊ शकतो. तपासणी मात्र आपणच करावी.

ध्वनिमुद्रणाचा दुसरा उपयोग ह्याहून मोलाचा आहे. सामूहिक वाचनात न वाचणारे मूल सहज लपते. तिसरीतील एक मुलगा माझ्यासमोर खडाखड वाचीत होता. मी हळूच पान उलटले, तरी तो मागील पानावरचाच मजकूर म्हणत राहिला. तीन वर्षे तो इतरांच्या आवाजाच्या आडोशाला बसला होता. अशा मुलांचा शोध लागावा म्हणून महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाचे, त्याने पूर्वी न पाहिलेल्या उताऱ्याचे, एक मिनिटाचे वाचन मुद्रित करावे. दिवसाला चार मुले घेतली तर तीस-पस्तीस मुलांचा वर्ग दोन आठवड्यांत पुरा होतो. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द व तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, अर्थ समजून, वाचता यावेत असे लक्ष्य ठेवलेले आहे. ह्यातील 'अर्थ समजून' हे शब्द विसरू नयेत. वाचन संपताच उताऱ्यावर दोन प्रश्न विचारावेत व उत्तरेही मुद्रित करावीत.

ऑगस्टमधील वाचन व डिसेंबरमधील वाचन त्या मुलाला एकामागून एक ऐकवावे. अडखळणारा आपलाच आवाज आणि त्यानंतर सरळ चालणारा आपलाच आवाज ऐकताना मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते गुणपत्रिकेने उमटत नाही. पालकसभेलाही ते मूल व त्याचे आईवडील ह्यांनाच ऐकवावे. मुलाचे अडखळते वाचन किंवा चुकांनी भरलेली वही गटावर पाठविणे हे मला सर्वथा अनुचित वाटते. गावाच्या गटावर गेलेली गोष्ट परत घेता येत नाही, आणि मुलाला त्याच गावात मोठे व्हावयाचे असते.

मोबाइलचा कॅमेरा हेही उत्तम भिंग आहे. पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल आडवा ठेवून, वायरने संचास जोडून, खाली मुंगी व कोळी ह्यांच्या डब्या ठेवल्या तर सहा पाय व आठ पाय सारा वर्ग मोजू शकतो. भिजविलेल्या मटकीचे रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी छायाचित्र घ्यावे व आठव्या दिवशी ती क्रमाने दाखवावीत. माझे ते जुने भिंग ह्या कामी कमी पडले असते, हे मान्य करतो.

बोलले असता मराठीत आपोआप लिहून देणारी सोयही आता मोबाइलमध्ये असते. तिसरी-चौथीत ती गंमत म्हणून जरूर दाखवावी. परंतु घरी अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचे शब्द यंत्र चुकीचे लिहिते. तेव्हा चूक यंत्राची आहे हे वर्गासमोर स्पष्टपणे सांगावे. यंत्राला न येणारा शब्द फळ्यावर त्या मुलाकडूनच लिहवून घ्यावा.

मोबाइलवाचून होणारच नाही असा गृहपाठ देऊ नये. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सर्वांनी पाहिले की, घरात एकच मोबाइल असतो व तो वडिलांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी आला तर थोरल्या भावाच्या हाती आधी पडतो आणि धाकट्या बहिणीच्या हाती शेवटी, तोपर्यंत त्याची बॅटरी उतरलेली असते.

उरते ती निगा. खडूची धूळ हा यंत्राचा मोठा वैरी. फळा ओल्या फडक्याने पुसावा व प्रोजेक्टरची जाळी महिन्यातून एकदा साफ करावी. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर आतील पंखा थांबेपर्यंत मुख्य बटण बंद करू नये. जोडणीची वायर मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सोडू नये, आणि ओल्या हाताने बटण लावण्यास कोणत्याही मुलास सांगू नये. उन्हाळी सुट्टीत टॅब्लेट पूर्ण उतरलेल्या स्थितीत कपाटात राहिले तर जूनमध्ये त्यांच्या बॅटऱ्या निकामी झालेल्या आढळतात. ते निम्मे भारित करून, बंद करून, पत्र्याच्या छपराखालील तापणाऱ्या खोलीत न ठेवता थंड जागी ठेवावेत. मे महिन्यात निकालाच्या कामासाठी कोणी शाळेत आलेच तर एकदा ते तपासून पुन्हा निम्म्यापर्यंत भारित करून ठेवावेत. किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र सुट्टी लागण्यापूर्वीच दोघा शिक्षकांना ठाऊक असावे.