निमंत्रणाकडून तिकिटाकडे

नाटकाला जाण्याचा बेत आखणे ही आज साधी गोष्ट वाटते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यातील सामान्य बंगाली रहिवाशाला ते सहसा शक्य नसे. बंगाली नाटके बहुधा धनिकांच्या वाड्यांत होत आणि तेथे निमंत्रितांनाच प्रवेश असे.

शनिवार, ७ डिसेंबर १८७२ रोजी जोडासाँको भागातील मधुसूदन सान्याल यांच्या वाड्याच्या अंगणात नॅशनल थिएटरने दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' तिकीट लावून सादर केले. निळीच्या गोऱ्या मळेवाल्यांनी गांजलेल्या रयतेचे हे नाटक होते. पुरेशा साधनसामग्रीवाचून 'नॅशनल' या नावाखाली तिकिटे विकणे गिरीशचंद्र घोष यांना मान्य नव्हते. म्हणून प्रारंभी ते दूर राहिले. तथापि तिकिटाने प्रेक्षकाचे स्थान पालटले. तो आता यजमानाचा पाहुणा उरला नाही. नाटक आवडल्यास पुन्हा यावे, न आवडल्यास पाठ फिरवावी, हे त्याच्या हाती आले.

आज अकादमी ऑफ फाइन आर्ट्सच्या नाट्यगृहाकडे निघालेला प्रेक्षक जाहिरात पाहून नाटक निवडतो, तिकीट काढतो आणि परतीच्या मेट्रोची वेळ ध्यानात ठेवतो. कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहण्याचे त्याला कारण नसते.