नवं लिनक्स सुरूच होत नाही तेव्हा

इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्याचा निरोप येतो, पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप रीस्टार्ट केला जातो, आणि पुढे नव्या लिनक्सऐवजी काळा पडदा दिसतो, नाहीतर नेहमीचं विंडोज उघडतं, नाहीतर ‘ग्रब रेस्क्यू’ अशा दोन शब्दांवर सगळं थांबतं. अशा वेळी बहुतेक जण लगेच पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात. ते करू नका, हे मला आग्रहाने सांगायचं आहे. मूळ कारण जागच्या जागी असल्यामुळे दुसरं इन्स्टॉलेशनही बहुधा तिथेच अडतं. शिवाय पार्टिशनच्या पडद्यावर घाईत एक चुकीचा पर्याय दाबला गेला, तर विंडोजसकट फोटो, प्रोजेक्ट, हिशेबाच्या फाइली पुसल्या जातात. सुरू न होणारं लिनक्स बहुतेक वेळा दुरुस्त होतं. पुसलेली डिस्क परत मिळेलच असं नाही.

इथे उदाहरण घेतलं आहे ते गेल्या दहा-बारा वर्षांतल्या, विंडोजसह विकत घेतलेल्या लॅपटॉपचं. त्याच डिस्कवर विंडोजशेजारी उबुंटू किंवा मिंट टाकलेलं आहे. फेडोराची रीत वेगळी आहे तिथे तसं म्हटलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.

कोण कोणाला खो देतं

बटण दाबल्यावर सगळ्यात आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. हल्ली ते ‘यूईएफआय’ प्रकारचं असतं. ते डिस्कवरच्या एका छोट्या पार्टिशनमधून बूटलोडर उचलतं. हे ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’. ते फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं आणि विंडोज व लिनक्स दोघांचे बूटलोडर त्यात आपापल्या फोल्डरात राहतात. लिनक्सचा बूटलोडर म्हणजे ग्रब. ग्रब कर्नलला आणि त्याच्यासोबतच्या ‘इनिटरॅमएफएस’ या तात्पुरत्या छोट्या सिस्टिमला मेमरीत आणतो. ती खरी रूट पार्टिशन शोधते, जोडते आणि सूत्रं बाकीच्या सेवा सुरू करणाऱ्या ‘सिस्टिमडी’कडे देते. मग लॉगिनचा पडदा येतो.

खो-खोसारखा हा खेळ आहे. खो कोणाकडून कोणाकडे जाताना चुकला, ते पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवरून कळतं. म्हणून काहीही दाबण्याआधी मोबाइलने त्या पडद्याचा फोटो काढा.

थेट विंडोजच उघडतं

हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, आणि यात लिनक्स बहुधा धडधाकट असतं. फर्मवेअरने ग्रबला खो दिलेलाच नसतो. लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची की दाबा. कंपनीनुसार ती एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते. यादीत ‘उबुंटू’ असेल तर ते निवडा. सुरू झालं, तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलायचा, इतकंच काम.

यादीत नाव नसेल तर लाइव्ह, म्हणजे ज्याने इन्स्टॉल केलं त्या, पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून टर्मिनल उघडा. ‘/सिस/फर्मवेअर/ईएफआय’ हे फोल्डर आहे का पाहा. नसेल, तर पेन ड्राइव्ह जुन्या ‘लेगसी’ म्हणजे बायोस पद्धतीने सुरू झाला आहे, आणि इन्स्टॉलेशनही बहुधा तसंच झालं आहे. १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेली ही पद्धत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमधून बूट करते. ईएफआय पार्टिशनकडे ती बघतही नाही. विंडोज एका पद्धतीचं आणि लिनक्स दुसऱ्या पद्धतीचं झालं की दोघं एका मेन्यूत येत नाहीत. बूट मेन्यूत तोच पेन ड्राइव्ह अनेकदा दोनदा दिसतो. ज्याच्या नावाआधी ‘यूईएफआय’ आहे तो निवडायचा. त्यानंतर पूर्ण लिनक्स पुन्हा टाकावं लागत नाही, ग्रब तेवढा नव्याने बसवला की पुरतं. ती रीत पुढे आहे.

फोल्डर असेल तर ‘ईएफआयबूटएमजीआर’ ही कमांड चालवा. फर्मवेअरच्या स्मृतीत कोणत्या नोंदी आहेत आणि कोणत्या क्रमाने आहेत, ते ती दाखवते. तिनेच क्रम बदलताही येतो. काही लॅपटॉपांचं फर्मवेअर मात्र हट्टी असतं. नवी नोंद ते विसरतं किंवा विंडोजच्या ठरलेल्या फाइलखेरीज दुसरीकडे जातच नाही. यूईएफआयच्या नियमात एक राखीव जागा आहे: ‘ईएफआय’मधल्या ‘बूट’ फोल्डरातली ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल. नोंद सापडली नाही तर फर्मवेअरने ती उघडावी, अशी अपेक्षा असते. उबुंटूचं ‘ग्रब-इन्स्टॉल’ सहसा आपोआप तिथेही आपली प्रत ठेवतं; डेबियनमध्ये त्यासाठी ‘--फोर्स-एक्स्ट्रा-रिमूव्हेबल’ हा पर्याय द्यावा लागतो.

सिक्युअर बूटला हात लावण्याआधी

सिक्युअर बूट म्हणजे ओळखीची सही नसलेले बूटलोडर अडवणारी फर्मवेअरची सोय. ‘सिक्युअर बूट बंद करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याआधी एक काम अत्यावश्यक आहे: विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते बघा आणि चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. सिक्युअर बूटची स्थिती बदलली की विंडोज ती की मागू शकतं. ती नसेल तर स्वतःच्याच डेटाची दारं बंद होतात. अनेकांच्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो, म्हणून हे इतकं जोर देऊन लिहीत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल, तर की बहुधा त्या खात्यात साठवलेली सापडते.

खरं तर उबुंटू, फेडोरा आणि आवृत्ती १० पासूनचं डेबियन सिक्युअर बूट चालू असतानाही चालतात. मायक्रोसॉफ्टची सही असलेला ‘शिम’ नावाचा छोटा बूटलोडर आधी सुरू होतो आणि तो ग्रबची सही तपासून पुढे जाऊ देतो. आर्चसारख्या वितरणांत ही सोय तयार मिळत नाही. ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश आला, तर शिमची आवृत्ती जुनी आहे का, हा पहिला संशय घ्यावा. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटने जुने बूटलोडर बाद ठरवले, आणि दोन्ही सिस्टिम असलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स अचानक अडलं. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून लिनक्स अपडेट करायचं आणि मग तो पुन्हा चालू करायचा.

सिक्युअर बूट चालू ठेवून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला असेल तर पहिल्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो आणि १० सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलीही की दाबून ‘एनरोल मॉक’ निवडायचं आणि इन्स्टॉल करताना ठेवलेला पासवर्ड द्यायचा. हा पडदा निसटला तर सिस्टिम सुरू होते, पण ड्रायव्हर चढत नाही.

ग्रब अडतो तेव्हा

मेन्यू न येता नुसतं ‘ग्रब’ किंवा ‘ग्रब रेस्क्यू’ दिसलं, तर ग्रब सुरू झाला आहे, पण त्याला आपल्या फाइली सापडत नाहीत. इन्स्टॉलेशननंतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशनमध्ये बदल केले, किंवा लिनक्स दोनदा टाकलं आणि जुनी नोंद उरली, की असं होतं. ‘एलएस’ टाइप करा. ‘(एचडी०,जीपीटी५)’ अशी नावं दिसतील. एकेक नाव घेऊन ‘एलएस (एचडी०,जीपीटी५)/’ असं विचारत जा. ‘बूट’, ‘ईटीसी’, ‘होम’ ही फोल्डरं दिसली की तीच लिनक्सची पार्टिशन. साध्या ‘ग्रब’ पडद्यावर मग ‘कॉन्फिगफाइल (एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी’ दिलं की मेन्यू उघडतो. रेस्क्यूमध्ये आधी ‘सेट प्रीफिक्स=(एचडी०,जीपीटी५)/बूट/ग्रब’, मग ‘इन्समॉड नॉर्मल’, मग ‘नॉर्मल’. हा उपाय एकदाच आत शिरण्यापुरता आहे. आत गेल्यावर ग्रब नव्याने बसवा.

मेन्यू आला पण त्यात विंडोजच नसेल, तर घाबरू नका. २०२१च्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधण्याचं काम मुळात बंद ठेवलेलं असतं. ‘/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब’मध्ये ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ लिहून ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं. या सेटिंगचं नाव मात्र मोठ्या अक्षरांत लिहायचं.

काळा पडदा

ग्रबच्या मेन्यूनंतर अंधार झाला तर दोष बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हरचा. मेन्यूत उबुंटूच्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. त्याच ओळीतले ‘क्वाएट स्प्लॅश’ हे शब्द काढून टाकले तर सुरू होतानाचे सगळे संदेश दिसतात, आणि शोध निम्मा सोपा होतो. आत गेल्यावर योग्य ड्रायव्हर टाका. नोमोडसेट कायमचं ठेवू नये. त्यात ग्राफिक्स कार्डाचा पुरता उपयोग होत नाही.

डिस्क सापडत नाही, किंवा इमर्जन्सी मोड

‘(इनिटरॅमएफएस)’ असं दाखवून सिस्टिम थांबली, तर वरचा संदेश वाचा. ‘डझ नॉट एक्झिस्ट’ म्हणजे सांगितलेल्या ओळख क्रमांकाची रूट पार्टिशन मिळाली नाही. इन्स्टॉलेशननंतर फर्मवेअरमधला डिस्कचा मोड, म्हणजे इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी, बदलला गेला का ते पाहा. तो आता नुसता बदलून टाकला तर उलट विंडोज अडू शकतं. फाइल सिस्टिम बिघडल्याचा संदेश असेल, तर त्यात दिलेल्या पार्टिशनवर ‘एफएससीके’ चालवून ‘एक्झिट’ करा.

‘इमर्जन्सी मोड’चं सर्वसाधारण कारण म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी असलेल्या ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या फाइलमधली चुकीची ओळ. त्यात लिहिलेली एखादी डिस्क मिळाली नाही तर सिस्टिमडी ९० सेकंद वाट बघतं आणि मग हात टेकतं. ती ओळ सुधारा. बाहेरची डिस्क असेल तर पर्यायांत ‘नोफेल’ जोडा.

बाहेरून आत शिरून ग्रब बसवणं

ही एक रीत शिकून घ्यावी, वरच्या बहुतेक दुखण्यांवर ती लागू पडते. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून यूईएफआय पद्धतीने सुरू व्हा. ‘एलएसबीएलके -एफ’ने पार्टिशन ओळखा: एक्सटी४ असलेली लिनक्सची, छोटी फॅट३२ ईएफआयची. समजा त्या अनुक्रमे पाचवी आणि पहिली आहेत. ‘सुडो माउंट’ने पाचवी ‘/एमएनटी’वर जोडा आणि पहिली ‘/एमएनटी/बूट/ईएफआय’वर. मग ‘/डेव्ह’, ‘/प्रॉक’, ‘/सिस’ आणि ‘/रन’ ही चार फोल्डरं ‘माउंट --आरबाइंड’ने ‘/एमएनटी’मधल्या त्याच नावांच्या फोल्डरांवर जोडा. ‘सुडो सीएचरूट /एमएनटी’ केलं की तुम्ही न सुरू होणाऱ्या सिस्टिमच्या आत असता. तिथे क्रमाने ‘ग्रब-इन्स्टॉल’, ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल’ आणि ‘अपडेट-ग्रब’ चालवा, बाहेर या आणि रीस्टार्ट करा.

लिनक्स मुळात लेगसी पद्धतीने पडलं असेल तर सीएचरूटमध्ये इंटरनेट चालतं आहे ना ते बघून आधी ‘ग्रब-ईएफआय-एएमडी६४-साइन्ड’ आणि ‘शिम-साइन्ड’ ही पॅकेजं टाकावी लागतात, आणि एफएसटॅबमध्ये ईएफआय पार्टिशनची ओळ घालावी लागते.

फेडोरात यूईएफआयवर ‘ग्रब२-इन्स्टॉल’ चालवायचं नाही. ‘डीएनएफ रीइन्स्टॉल’ने शिम आणि ग्रबची पॅकेजं पुन्हा टाकायची. तिथे ‘/बूट’ची पार्टिशन वेगळी असते, तीही जोडायची. रूट २०२०च्या आवृत्ती ३३ पासून बीटीआरएफएसवर असते, म्हणून माउंट करताना ‘सबव्हॉल=रूट’ द्यावं लागतं.

पुन्हा इन्स्टॉल केव्हा करावं

इन्स्टॉलर मध्येच एरर देऊन बंद पडला असेल, तर. अशा वेळी आधी आयएसओ फाइलचा ‘एसएचए२५६’ आकडा वितरणाच्या अधिकृत आकड्याशी जुळतो का ते पाहा आणि पेन ड्राइव्ह नव्याने तयार करा. डिस्कची तब्येत तपासणारी ‘स्मार्टसीटीएल’ ही कमांड तक्रार करत असेल, तर डेटा बाहेर काढून डिस्कच बदलावी.

इन्स्टॉल करायचंच ठरलं तर लाइव्ह सिस्टिममधून महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या, विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, आणि पार्टिशनच्या पडद्यावर मॅन्युअल पर्याय निवडा. जुनी लिनक्स पार्टिशन तेवढी फॉरमॅट करायची. ईएफआय पार्टिशन ‘/बूट/ईएफआय’वर जोडायची, पण तिच्यापुढच्या फॉरमॅटच्या चौकोनात खूण करायची नाही, विंडोजचा बूटलोडरही तिच्यातच आहे.