चार मीटरच्या आतली स्कोडा

स्कोडा कायलॅकची लांबी ३९९५ मिलिमीटर आहे, म्हणजे चार मीटरला फक्त पाच मिलिमीटर कमी. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं, तेव्हाच लहान गाडी कुठली हेही ठरलं. लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. पुढे उत्पादन शुल्क जाऊन जीएसटी आला, तरी ही मर्यादा टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मर्यादेच्या आतल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि बाहेरच्या गाडीवर ४० टक्के. भारतातल्या बहुतेक छोट्या एसयूव्हींची आखणी याच मोजमापापासून सुरू होते.

कायलॅक नोव्हेंबर २०२४ मध्ये लोकांसमोर आली आणि जानेवारी २०२५ च्या अखेरीस ग्राहकांच्या दारात पोचू लागली. ती बनते पुण्याजवळ चाकणला. स्कोडाचं महाराष्ट्राशी नातं मात्र त्याहून जुनं आहे. २००१ साली औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात तिची ऑक्टेव्हिया तयार होऊ लागली. ऑक्टेव्हियाच्या मजबुतीचं कौतुक सगळेच करत, पण ती घेणं मोजक्यांनाच परवडे आणि घेतल्यावर सर्व्हिसिंगच्या बिलाची धास्ती असे. सुरुवातीच्या मॉडेलला ७ लाख ८९ हजार रुपये एक्स-शोरूम किंमत लावून कंपनीने प्रथमच चार मीटरच्या आतली एसयूव्ही आणली, ती हे चित्र पालटण्यासाठी.

गाडीचा सांगाडा नवा नाही, आणि ही चांगली गोष्ट आहे. स्कोडाच्या कुशाक व स्लाव्हिया आणि फोक्सवॅगनच्या टायगुन व व्हर्टस या गाड्या ज्या प्लॅटफॉर्मवर उभ्या आहेत, त्यावरच कायलॅक बांधली आहे. कुशाकची लांबी ४२२५ मिलिमीटर, म्हणजे कायलॅक तिच्यापेक्षा २३० मिलिमीटरने आखूड. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मात्र ८५ मिलिमीटरनेच घटवलं आहे. बाकीची काटछाट बॉनेटच्या पुढच्या आणि डिकीच्या मागच्या भागात झाली. तरीही डिकीत ४४६ लिटर जागा आहे, असं कंपनी सांगते. चौघांच्या चार दिवसांच्या सहलीचं सामान त्यात सहज मावेल. गाडीचं पोट जमिनीपासून १८९ मिलिमीटर उंच असल्याने आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर ते घासण्याची भीती कमी.

अडचण होते ती मागच्या सीटवर. दोन मोठ्या माणसांना ती ऐसपैस आहे, पण तिसरा बसला की खांदे भिडतात. नाशिकला तयार होणारी महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ आणि रांजणगावला तयार होणारी टाटाची नेक्सॉन, या दोन्ही गाड्या रुंदीला तिच्याहून जास्त आहेत. ज्या घरात मागे नेहमी तिघं बसतात, त्यांनी हा फरक मनात धरूनच शोरूमची पायरी चढावी.

इंजिन एकच आहे, ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल. ताकद ११५ पीएस आणि टॉर्क १७८ न्यूटन-मीटर. टर्बोचं काम समजायला सोपं आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो, ते चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं, आणि जास्त हवेबरोबर जास्त इंधन जळून लहानशा इंजिनातून मोठी ताकद निघते. मात्र त्यासाठी धुराला पुरेसा जोर हवा. कायलॅकमध्ये पूर्ण टॉर्क मिळतो तो इंजिन मिनिटाला १७५० फेरे घेऊ लागल्यावर. त्याखाली ती जरा सुस्त असते. शहरातल्या रेंगाळत्या वाहतुकीत मॅन्युअल गाडीचा गिअर वारंवार खाली आणावा लागतो. फेरे वाढले की मात्र तिचं रूप बदलतं. घाट चढताना किंवा हायवेवर ट्रकला मागे टाकताना हाती लागणारी ताकद तिच्या किमतीच्या गाड्यांत फारशी आढळत नाही. मॅन्युअल गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग १०.५ सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा आहे. ज्यांना क्लचचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी सहा गिअरचं टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे. डिझेलचा पर्याय नाही.

या गाडीत सर्वांत मोलाचं आहे ते ब्रोशरच्या शेवटच्या पानांवर. सहा एअरबॅग, घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा आणि पाचही प्रवाशांना तीन बिंदूंचे सीटबेल्ट हे सगळं अगदी स्वस्तातल्या क्लासिक मॉडेलमध्येही आहे. जानेवारी २०२५ मध्ये भारत एनकॅपच्या धडक चाचणीत तिला पाच तारे मिळाले. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी ३०.८८ आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ पैकी ४५ गुण. या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आपटवली जाते, बाजूने ताशी ५० किलोमीटरने धडक दिली जाते आणि खांबाला आपटण्याचीही परीक्षा होते. आपल्या रस्त्यांवर ज्या प्रकारचे अपघात होतात, ते पाहता कमी पैसे मोजणाऱ्याचा जीव स्वस्त न मानणं हीच कायलॅकची खरी थोरवी आहे.

बाकी चैनीच्या वस्तू मॉडेलप्रमाणे वाढत जातात. क्लासिक आली तेव्हा तिच्यात टचस्क्रीन नव्हता. सर्वांत वरच्या प्रेस्टीज मॉडेलमध्ये सनरूफ आहे आणि पुढच्या दोन्ही सीट बटणाने सरकतात व आतून हवा सोडतात. मे महिन्यात विदर्भात गाडी चालवणाऱ्याला ही हवा सनरूफपेक्षा कितीतरी उपयोगाची. मात्र वरच्या मॉडेललाही मागच्या चाकांना ड्रम ब्रेक आहेत, चारही बाजूंचं दृश्य दाखवणारे कॅमेरे नाहीत. गाडी आली तेव्हा प्रेस्टीज ऑटोमॅटिकची किंमत १४ लाख ४० हजार होती, आणि त्या पैशात या उणिवा खटकतात. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के मोटार वाहन कर लागतो आणि त्यापुढे तो वाढतो, त्यामुळे मधलं सिग्नेचर मॅन्युअल मॉडेल बहुतेकांच्या हिशेबात बसेल.