कूलर रिकामा केला, पण घासला का?

वर्ध्यात डासांवर बोलायचं तर सुरुवात सेवाग्रामपासून करावी लागते. 1936 च्या एप्रिलमध्ये गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा गावाचं नाव सेगाव होतं. त्याच वर्षी त्यांना हिवताप झाला आणि वर्ध्याच्या दवाखान्यात आणावं लागलं. हिवतापाचा अॅनॉफिलीस डास खेड्यात वाढतो तो डबक्यांत, नाल्यांत, विहिरींत. म्हणजे तेव्हाचं संकट बरंचसं घराबाहेर होतं.

आज धास्ती डेंग्यूची आहे, आणि त्याचा एडिस डास आपणच घरात पोसतो. रांजण, अंगणातलं सिमेंटचं टाकं, फ्रिजच्या मागचा ट्रे. आणि आपल्या विदर्भात पहिला मान कूलरचा!

आता नीट ऐका. एडिसची मादी अंडी घालते ती पाण्याच्या काठाशी, ओल्या भिंतीवर चिकटवून. एका वेळी शंभरेक, मोहरीपेक्षाही बारीक, काळी. कूलर बंद केला, पाणी आटलं, तरी ती मरत नाहीत. कित्येक महिने कोरडी राहून तग धरतात. पुढच्या मार्चमध्ये तुम्ही पाइप लावून टाकी भरली, पाणी अंड्यांपर्यंत चढलं, की अळ्या बाहेर. पुढे आठ-दहा दिवसांत डास तयार.

म्हणून कुणी म्हणालं, 'आम्ही दर आठवड्याला पाणी ओततो', की मी विचारतो, घासलं का? काथ्याने चारही बाजू खरवडून घासा. ते पाणी नालीत नको, कोरड्या मातीवर ओता. अळ्या तिथे मरतात.

पण नळ रोज येत नसेल तर भरलेलं टाकं ओतायला जीव होत नाही, हे मलाही कळतं. उगाच उपदेश करण्यात अर्थ नाही. तिथे जुनं सुती कापड तोंडाला घट्ट बांधा. टाकं मोठं असेल तर गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात.

धुराची गाडी आली की आपल्याला बरं वाटतं. पण धुराने मरतात ते उडणारे डास, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. शिवाय एडिस बसतो पलंगाखाली, पडद्यामागे. आणि धूर आला की आपण दारं लावून घेतो!

आज घरी गेल्यावर एक करा. पावसाळा लागला म्हणून ताडपत्री टाकून कूलर खिडकीतच ठेवला असेल, तर ती उचला आणि टॉर्च मारून तळ बघा. बोटभर पाणी असेल, तर त्यात काही वळवळतंय का तेही बघा.